यादी नको, प्रश्न साठवा

मंडळी, या वीकएंडला थोडं ऑफिसचंच, पण घरच्या कामाला आलेलं.

आमचं गाव चुडावा. जिल्हा परभणी, तालुका पूर्णा. पूर्णा-नांदेड रेल्वे लाइनवरचं एक छोटं स्टेशन. अण्णा गेल्यावर कामांचा ढीग उभा राहिला: सातबाऱ्यावर वारसांची नावं लावणं, बँकेची खाती, विहिरीवरच्या मोटारीचं वीज कनेक्शन, पीक विमा, शिवाय आईची तब्येत. दादा गावात, ताई नांदेडला, मी पुण्यात. व्हॉट्सअॅपवर याद्या फिरायच्या आणि दोन दिवसांत शिळ्या व्हायच्या. मग खरी यादी कोणती, हे विचारायला परत फोन!

शेवटी सगळी कामं जिरात टाकली. (फोडणीतलं जिरं नव्हे, हे नाव ‘गोजिरा’वरून, म्हणजे जपानी गॉडझिलावरून आलंय.) १० माणसांपर्यंत फुकट, आम्ही तर तिघंच. प्रत्येक कामाला तीन गोष्टी लावल्या: कुणाच्या नावावर, कोणत्या तारखेपासून करता येईल आणि कुठे होईल. चुडावा, पूर्णा, परभणी, नांदेड अशी चार लेबलं.

आता खरी गंमत. जिराच्या ४.० आवृत्तीत, २००९ साली, जेक्यूएल आलं. म्हणजे जवळजवळ वाक्यासारखा सर्च लिहायचा आणि नाव देऊन सेव्ह करायचा. त्याला फिल्टर म्हणतात. सेव्ह होतो तो प्रश्न, उत्तर नव्हे. उत्तर दर वेळी ताजं.

उदाहरण घ्या. वारसांचा फेरफार तलाठ्याकडे नोंदवला की हरकतींसाठी १५ दिवसांची नोटीस लागते, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. या १५ दिवसांत ते काम रोज डोळ्यासमोर नाचवून काय उपयोग? माझा ‘पूर्णा’ फिल्टर विचारतो: लेबल पूर्णा, काम अजून उघडं, सुरुवातीची तारीख आज किंवा आधीची. मुदत संपली की काम आपोआप यादीत हजर. दादा तहसीलला निघाला की त्या एका खेपेत काय काय होईल ते समोर दिसतं.

दुसरा फिल्टर ‘माझं’. त्यात नाव न घालता ‘आत्ता लॉगिन असलेला माणूस’ असं घालता येतं. एकच फिल्टर, पण दादाला दादाची कामं दिसतात, ताईला ताईची.

दादा म्हणाला, “मी दिवसभर रानात. हे उघडून कोण बघत बसणार?” रास्त मुद्दा. फिल्टरला सबस्क्रिप्शन लावलं. दर सोमवारी सकाळी उत्तर मेलमध्ये येतं. त्याला जिरा उघडावंच लागत नाही.

पण सगळ्यात मोलाचा फिल्टर तिसरा. ‘माझ्या नावावर नसलेली कामं’ असं विचारलं तर जिरा फक्त दुसऱ्यांच्या नावावरची देतं. नावाची जागा रिकामी असलेली त्यात येतच नाहीत. म्हणजे बेवारस काम ‘माझं’मध्येही नाही आणि ‘इतरांचं’मध्येही नाही. ‘असाइनी रिकामा’ असं वेगळंच विचारावं लागतं. तो फिल्टर पहिल्यांदा चालवला तेव्हा एकच ओळ आली: आईचे डोळे तपासणे.

जमिनीच्या प्रत्येक कागदावर कुणाचं ना कुणाचं नाव होतं. आई मात्र तिघांची, म्हणून कुणाच्याच नावावर नाही. ताईनं तिथल्या तिथे आपलं नाव टाकलं. नांदेडला तपासणी झाली, मोतीबिंदू निघाला, पुढच्या महिन्यात ऑपरेशनही झालं. आता आई दादाच्या फोनवर येणारा सोमवारचा मेल स्वतः वाचते आणि कुणाचं काय राहिलंय ते आम्हाला फोन करून ऐकवते :)

असो. सांगायचा मुद्दा एवढाच की सॉफ्टवेअर विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतं. न विचारलेलं काम तिथेच असतं, पण कुणाला दिसत नाही. सोमवारी ऑफिसात गेलात की आपल्या प्रोजेक्टवर तेवढा ‘असाइनी रिकामा’ फिल्टर लावून बघा. आणि जमलं तर घरच्या कामांवरही.