हात थरथरतो की टेबल?

अप्पांनी चिमटा खाली ठेवला, डोळ्यावरचे भिंग काढले आणि म्हणाले, "संपलं. हात थरथरायला लागलेत."

एचएमटीच्या जुन्या चावीच्या घड्याळातला एक स्क्रू तिसऱ्यांदा उडून फ्रिजखाली गेला होता. माई काही बोलल्या नाहीत. अप्पांच्या वडिलांना उतारवयात कंपवात झाला होता आणि शेवटची वर्षे त्यांना घासही भरवावा लागत होता. अप्पांच्या मनात काय आले असेल, ते माईंना न सांगता कळले.

बँकेच्या बदलीने हे जोडपे चेन्नईत आले आणि निवृत्तीनंतरही नुंगंबाक्कममध्येच राहिले. घड्याळे दुरुस्त करण्याचा अप्पांचा छंद तरुणपणापासूनचा. एचएमटीने 2016 मध्ये घड्याळांचा कारखाना बंद केला, तेव्हापासून वडिलांचे, सासऱ्यांचे घड्याळ घेऊन ओळखीचे लोक त्यांच्याकडे येऊ लागले. पैसे ते घेत नसत. पण त्या दिवशी शेजाऱ्यांचे घड्याळ त्यांनी उघडे तसेच डबीत घालून परत केले आणि टीव्हीसमोर जाऊन बसले. पुढचे आठ दिवस ते तिथेच होते.

एका दुपारी जेवणाच्या टेबलावर माईंनी काठोकाठ भरलेली पाण्याची वाटी ठेवली. "अहो, जरा इथे कोपर टेका." अप्पांनी टेकले. वाटीतले पाणी हलले. रस्त्यावरून बस गेली, पुन्हा हलले. मग तीच वाटी माईंनी स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवली. अप्पांनी दोन्ही कोपरे टेकली तरी पाणी शांत.

"तुम्हीच येणाऱ्या-जाणाऱ्याला दुर्बिणीच्या खांबाची गोष्ट सांगता ना?" माई म्हणाल्या.

खांब खराच आहे. चेन्नईच्या तापमानाच्या बातमीत रोज नुंगंबाक्कमचे नाव येते, ते तिथल्या हवामान केंद्रामुळे. कॉलेज रोडवरच्या या आवारात 1792 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची वेधशाळा उभी राहिली. यंत्र हलू नये म्हणून ते ग्रॅनाइटच्या अजस्र खांबावर बसवले होते. तो खांब आजही तिथे आहे. 1802 मध्ये लॅम्टनने देशाची मोजणी सुरू केली, तेव्हा रेखांशासाठी याच वेधशाळेचा आधार घेतला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशातल्या रेल्वेगाड्या जिच्यावर धावत, ती मद्रासची वेळही इथलीच. आकाश मोजणाऱ्यांनी आधी पाया भक्कम केला, आणि अप्पा नळीच्या पायांच्या घडीच्या टेबलावर केसाएवढी स्प्रिंग बसवत होते!

तयार लोखंडी वर्कबेंचची किंमत ऐकून माईंनी दुकानातून काढता पाय घेतला. अमेरिकेतल्या भाच्याने आपल्या गॅरेजमधल्या बेंचचा फोटो पाठवला. त्यावर तो बंदुकीची रिकामी काडतुसे पुन्हा भरतो. यंत्राचा दांडा सगळा जोर लावून ओढावा लागतो, तरी बेंच तसूभरही सरकत नाही म्हणे. "आपण काडतुसं भरली तर पोलीस येतील," अप्पा बऱ्याच दिवसांनी हसले. त्यांचे खरेच होते. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. पण बेंचची रचना घ्यायला कोणाची हरकत?

चेन्नईत जुनी घरे पाडली जातात, तेव्हा दारे-खिडक्यांच्या सागवानी चौकटी विकायला येतात. सुतार आसारींनी त्यातूनच तीन इंच जाडीचे पाय काढले. आडव्या पट्ट्या नुसत्या खिळ्यांनी ठोकल्या नाहीत. खाचा पाडून, फेव्हिकॉल लावून, वायसर घालून नट-बोल्टने आवळल्या. मागच्या बाजूला आणि दोन्ही कडांना तिरप्या पट्ट्या दिल्या. टेबल डुगडुगते ते बहुधा इथेच: नुसती चौकट जोर लावला की कलते, त्रिकोण कलत नाही. वर 19 मिलिमीटर प्लायवूडचे दोन थर चिकटवले. उंची जेवणाच्या टेबलासारखी 30 इंच न ठेवता 38 इंच ठेवली, म्हणजे मान न वाकवता काम डोळ्यांजवळ येते आणि पुढचे हात पूर्ण टेकतात. कडेला बारीक पट्टी मारली, स्क्रू पळू नयेत म्हणून. भाड्याच्या घरात भिंतीला भोके पाडायची सोय नव्हती. मग खालच्या फळीवर जुन्या मासिकांचे गठ्ठे आणि मिक्सर आल्यापासून पडून असलेला माईंचा पाटा-वरवंटा गेला. लादी एका कोपऱ्यात खाली होती, तिथे पायाखाली पाचर बसली. सगळा खर्च साडेचार हजार. त्यातही आसारींनी मजुरी कमीच घेतली, कारण त्यांच्या वडिलांचे घड्याळ बंद होते.

पहिले घड्याळ अर्थात तेच. माईंनी वाटी पुन्हा आणून ठेवली. अप्पांनी कोपरे टेकली, चिमट्यात स्क्रू धरला. पाणी हलले नाही. चिमट्याचे टोक मात्र किंचित हलत होते. ते दोघांनाही दिसले. अप्पांनी श्वास रोखला, थांबले आणि दुसऱ्या प्रयत्नात स्क्रू बसवला.

"चालू झालं गं," घड्याळ कानाशी धरून ते म्हणाले.

"ऐकू येतंय मला," माई म्हणाल्या. "आणि गुरुवारी अकरा वाजता डॉक्टरांकडे जायचंय. मी नंबर लावलाय."

अप्पांनी मान हलवली आणि दुसरी डबी उघडली.