आमच्या दारची दिंडी

ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून तुकोबांची व अष्टमीस आळंदीहून ज्ञानोबांची पालखी निघते, आणि दोन्ही पालख्या पुण्यात दोन रात्री विसावतात. एकीचा मुक्काम नाना पेठेत, दुसरीचा भवानी पेठेत. पुणेकरांस हे सांगण्याचे वास्तविक काही प्रयोजन नाही. त्या दिवशी फर्ग्युसन रस्त्यावरील वाहने बंद होतात, वर्ग ओस पडतात, आणि आमच्यासारखी इंग्रजी शिकलेली मंडळी एखाद्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून ‘काय ही शिस्त!’ असे उद्गार काढतात. इरावतीबाई कर्वे वारीबरोबर चालल्या. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे निरनिराळे जेवतात हे पाहून त्यांना झालेले दुःख त्यांनी ‘वाटचाल’ या लेखात लिहून ठेवले आहे. आम्ही तो लेख वाचला आणि तेवढ्यावरच भागविले!

तथापि आमच्या घराचा वारीशी अगदीच संबंध नव्हता असे नाही. नाना पेठेतील आमच्या वाड्यात आजोबांच्या वेळेपासून परभणीकडील एक दिंडी उतरत असे. चौकात सामान पडे, ओली धोतरे कठड्यांवर वाळत, आणि आजी पहाटे तीनला उठून मोठा तांब्याचा बंब पेटवी. पावसात चालून आलेल्या माणसाला ऊन पाण्यासारखे दुसरे सुख नाही, असे ती म्हणे. आम्ही त्या वेळी परीक्षेचे विद्यार्थी. रात्री उशिरापर्यंत चाललेल्या भजनाने आमच्या अभ्यासाचा खोळंबा होई, आणि आम्ही माडीचे दार धाडकन लावून घेत असू. आजीने त्याबद्दल आम्हांस कधी एक शब्दही विचारला नाही.

आजी गेली. २००८ साली वाडा पडला व तेथे पाच मजली इमारत झाली. आम्ही तिचे चिटणीस झालो. २०१० च्या जूनमध्ये सभासदांची सभा भरली. पाण्याची टाकी, शौचालये, खाली उभ्या असलेल्या मोटारी, चोऱ्यांची भीती, असा सर्व बाजूंनी विचार होऊन बाहेरच्या मंडळींस आवारात उतरू देऊ नये असे ठरले. ठराव आम्ही लिहिला. त्याचे इंग्रजी निर्दोष होते. मात्र दिंडीवाल्यांस तसे आगाऊ कळवावे, हे धैर्य आम्हांस झाले नाही.

ते आले. बाहेर पाऊस होता, सामानाची मालमोटार गल्लीच्या तोंडाशी उभी होती, आणि पहारेकऱ्याने अडविलेले विणेकरी बुवा फाटकाबाहेर इमारतीकडे मान वर करून पाहत होते.

“वाडा कुठं गेला, माउली?”

आम्ही सभेचा निर्णय सांगितला. त्यांनी वाद घातला नाही. थोडे थांबून म्हणाले, “आजींचा बंब तरी हाय का?”

बंब आम्ही मोडीत वजनावर विकला होता. तसे सांगताच “बरं, बरं” म्हणून त्यांनी वाकून आमच्या पायांना हात लावला. वारकऱ्यांची ती रीतच आहे. ते कोणाच्याही पाया पडतात. पण सपाता घातलेले ते आमचे पाय आम्हांस मागे घेता आले नाहीत. मंडळी कोठल्याशा शाळेत उतरावयास गेली.

२०२० आणि २०२१ साली साथीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी. बसने पंढरीस गेल्या. त्या दोन्ही आषाढांत आमची गल्ली इतकी शांत होती की जिच्यासाठी आम्ही दार लावून घेत होतो ती शांतता हीच काय, असे वाटले. २०२२ साली वारी पुन्हा पायी निघाली. आम्ही जुना ठराव रद्द करण्याची सूचना मांडली. अर्धा तास कुरकुर होऊन ती मंजूर झाली. मोटारी हलल्या, आवार धुतले गेले. दिंडी काही आली नाही. तिची सोय शाळेतच कायमची झाली होती.

दुसऱ्या दिवशी आम्हीच दहा किलो ज्वारीचे पीठ घेऊन त्या शाळेत गेलो. जुने बुवा दिसले नाहीत. वीणा एका तरुणाच्या गळ्यात होती. पीठ उतरवून घेऊन त्याने आमच्या पायांना हात लावला, आम्हीही कसेबसे वाकलो, आणि त्याने मोकळेपणाने विचारले,

“माउली, तुम्ही कोणत्या दिंडीचे?”