कान्हेरीची पोढी आणि आमची विहीर

आमच्या वस्तीतील बुद्धविहाराच्या मागे एक जुनी विहीर आहे. घरोघरी नळ आले आणि तिच्याकडे कुणी फिरकेनासे झाले. गेल्या वर्षी जूनमध्ये कमिटीपुढे ठराव आला की विहीर बुजवावी, अंगण मोठे होईल, जयंतीला मंडप ऐसपैस पडेल. त्या ठरावावर माझीही सही होती, हे आधीच कबूल करतो.

पुढे जुलैतल्या एका रविवारी अभ्यासवर्गातील बावीस मुले घेऊन आम्ही कान्हेरीला गेलो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, डोंगराच्या अंगावर शंभराहून अधिक लेणी आहेत. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात वंदना झाली आणि डबे सुटले. बाहेर पावसाची झड लागली होती. सहावीतली एक मुलगी म्हणाली, "काका, हे पाणी जातं कुठं?"

मग आम्ही पाण्याच्या मागेच निघालो. कातळात पन्हळी कोरल्या आहेत. डोंगरावरचे पाणी त्यांतून खाली येते आणि लेण्याशेजारच्या टाक्यात पडते. टाक्याचे तोंड लहान आणि पोट मोठे, त्यामुळे ऊन कमी लागते व पाणी टिकते. इथल्या शिलालेखांत अशा टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. कुणी लेणे दान दिले, तर कुणी पोढी. दात्यांमध्ये कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी आहेत, तशा भिक्षुणीही आहेत. चार महिन्यांच्या पावसावर भिक्खुसंघाने बारा महिने काढावेत, म्हणून ही तजवीज. याच डोंगरांत १८६० साली विहार आणि १८७९ साली तुळशी तलाव झाला व मुंबईला पाणी मिळाले. भिक्खूंनी ते गणित कितीतरी शतके आधी मांडले होते.

परत आल्यावर मुलांनी प्लास्टिकच्या दोन बाटल्या कापल्या. एकीत माती, मुरूम आणि वाळूचे थर भरले. दुसरीत वर सिमेंट थापले. दोन्हींत तांब्याभर पाणी ओतले. पहिलीत ते हळूहळू मुरून तळाशी उतरले, दुसरीत काठावरून वाहून गेले. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठते, तेच विहिरीला पाझरते, हे मला वेगळे शिकवावे लागले नाही.

ऑगस्टपासून दर रविवारी मोजणी सुरू झाली. विहिरीला लोखंडी जाळी आहे. एक मोठा माणूस सोबत ठेवून, फुटाफुटावर गाठी मारलेली दोरी दगड बांधून जाळीतून सोडायची आणि आकडा वहीत लिहायचा. मी बी.कॉम. झालेला कारकून, त्यामुळे वहीला जमा, खर्च आणि शिल्लक असे रकाने पडले. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दहा फूट लांब, दहा फूट रुंद छपरावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर नऊशे लिटरांहून अधिक पाणी जमा! ऑगस्टमध्ये पाणी कठड्यापासून ४ फुटांवर होते, मेअखेर १७ फुटांवर गेले. तळ २४ फुटांवर. म्हणजे भर उन्हाळ्यात ७ फूट शिल्लक.

त्याच मेमध्ये दोन दिवस नळ कोरडे राहिले. धुण्याभांड्यांचे पाणी विहिरीनेच पुरवले. रविवारच्या सभेत मुलांनी तक्ता फळ्यावर लावला. कमिटीतले काहीजण म्हणाले, "पोरांच्या आकड्यांवर ठराव फिरवायचा काय?" तेव्हा मागे बसलेल्या एक आजी उठल्या. "गावाकडं विहिरीच्या पायरीला आमाला हात लावू दिला नाही. कुणी वरून ओतील तवा घागर भरायची. आता आपली विहीर हाय, तर ती बुजवता व्हय रं?"

सभा गप्प झाली. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. कोर्टातला निकाल आपल्या बाजूने कायम व्हायला १९३७ साल उजाडले. ज्या समाजाने पाण्यासाठी दहा वर्षे लढा दिला, त्याने अंगणासाठी विहीर बुजवावी? मी उठून माझी सही मागे घेतली. ठराव रद्द झाला नाही, वर्षभर तहकूब झाला आहे. मोजणी मात्र चालू आहे.

वाचक बंधुभगिनींनो, आपल्या वस्तीतही एखादी विसरलेली विहीर असेल. मुलांच्या हाती एक दोरी आणि एक वही द्या.