बाई, पोरीला नर्सिंगला घालायचंय



माझ्याकडे बहुतेक वर्षी तिसरी-चौथीचा वर्ग असतो. त्यामुळे दहावी-बारावीनंतरच्या प्रवेशांशी आपला काही संबंध नाही, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. पण गावाकडचं तुम्हाला माहीत आहे. मूल कॉलेजला गेलं तरी आईला हक्काने विचारता येणारी बाई म्हणजे चौथीची बाई. भाजी घेताना, आळेफाट्याला एसटीची वाट बघताना, कुठेही गाठतात आणि विचारतात. आपण उत्तर देतो. ते उत्तर घरी जाऊन काय काय करतं, हे मला एका मुलीने दाखवलं. म्हणून आज पाठाऐवजी हे लिहीत आहे.

जुलै 2021. दहावीची परीक्षा कोविडमुळे रद्द झाली होती आणि अंतर्गत गुणांवर निकाल लागला होता. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची आई घरी आली. ही बाई टोमॅटो तोडायला, कांद्याच्या लागणीला, मिळेल त्या कामाला जाते. मुलगी हुशार, अक्षर सुंदर. चौथीत कुणाचा गुडघा फुटला की कपाटातली पेटी आणायला हीच पळायची. आई म्हणाली, "बाई, पोरीला नर्सिंगला घालायचंय. आता कशाला टाकू?"

मी म्हटलं, "आर्ट्स घ्या. जवळ आहे, क्लास लागत नाही, खर्च कमी. नर्सिंग काय, बारावीनंतर होतंच की."

एवढंच बोलले. चहा झाला, त्या गेल्या. मी स्वतः बारावी आर्ट्स करून डी.एड.ला गेलेली. माझ्या डोक्यात "बारावीनंतर" या शब्दाचा अर्थ तोच होता. डी.एड.ला कुठलीही शाखा चालायची, मग नर्सिंगलाही चालत असेल, असं मी न विचारता गृहीत धरलं.

2023 साली ती बारावी आर्ट्स चांगल्या गुणांनी पास झाली आणि बी.एस्सी. नर्सिंगचा फॉर्म भरायचा म्हणून माझ्याकडे आली. तेव्हा कुठे मी पहिल्यांदा पात्रतेच्या अटी वाचल्या. बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी आहे, आता आठ सत्रांची. तिला बारावी सायन्सच लागतं, आणि त्यातही भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय. पहिल्या तीन विषयांत मिळून किमान 45 टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी 40. इंग्रजीत पास असणं वेगळं बघतात. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत वयाची 17 वर्षं पूर्ण हवीत. यात आर्ट्सला कुठेच जागा नाही. पहिल्या तीन विषयांपैकी एकही विषय तिने घेतलेला नव्हता.

एक लक्षात घ्या पालकहो, नुसतं सायन्स घेऊनही हे दार बंद होऊ शकतं. गणित ठेवून जीवशास्त्र सोडणारी मुलं असतात. इंजिनीअरिंगचं बघू म्हणतात, मग बारावीनंतर विचार बदलतो. तेव्हा अकरावीच्या प्रवेशाला विषय निवडताना बायोलॉजी आहे ना, एवढं तरी स्वतः फॉर्मवर बघा. पोरांच्या "हो हो"वर जाऊ नका.

ती मुलगी माझ्यासमोर बसलेली आणि मी मोबाईलवर वाचतेय, असं ते दृश्य. ती रडली नाही. "मग आता काय करू बाई?" एवढंच म्हणाली. मला मात्र घाम फुटला होता.

वाट होती, पण ती आम्हाला लगेच दिसली नाही. मधेच दुसरंच घडलं. जवळच्या एका मोठ्या गावात एक संस्था "एक वर्षाचा नर्सिंग कोर्स, नोकरीची हमी, कोणतीही शाखा चालेल" अशी जाहिरात करत होती. आईने चौकशी केली. चाळीस हजार फी, पहिला हप्ता अठरा हजार. कांद्याचे पैसे आलेले होते, ते भरून टाकले. मला कळलं तेव्हा कोर्स सुरू होऊन तीन महिने झाले होते. मी मुलीला म्हटलं, तुमच्या सरांना एकच विचार, हा कोर्स झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळते का? दोन दिवस उडवाउडवी झाली, शेवटी नाही म्हणाले. नोंदणी नाही म्हणजे ती कायद्याने नर्स नाही. खासगी दवाखान्यात मदतनीस म्हणून घेतील, पांढरे कपडेही देतील, पण सरकारी भरतीचा फॉर्म तिला कधी भरता येणार नाही आणि पुढचं शिक्षणही त्यावर होणार नाही. अठरा हजार परत मिळाले नाहीत. वर्ष गेलं ते वेगळंच.

म्हणून पैसे भरण्याआधी बघायचं ते सांगते. पदवीचं कॉलेज असेल तर ते नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे का, की एखाद्या अभिमत विद्यापीठाचं आहे? जी.एन.एम. किंवा ए.एन.एम.ची शाळा असेल तर तिची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं का? आणि दोन्हीकडे, शिक्षण झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होते का? याचं उत्तर संस्थेच्या माहितीपत्रकावरून घेऊ नका, विद्यापीठाच्या, मंडळाच्या आणि कौन्सिलच्या यादीत संस्थेचं नाव शोधा. आपल्याला एवढं मोबाईल चालवता येतंच की. रिचार्ज मारताना येतं, मग इथे का नको?

आता ती वाट सांगते. जी.एन.एम. हा तीन वर्षांचा डिप्लोमा आर्ट्स-कॉमर्सच्या मुलामुलींनाही खुला आहे. बारावीला किमान 40 टक्के आणि इंग्रजी विषय असावा लागतो. सायन्सच्या मुलांना प्राधान्य मिळतं, पण दार बंद नाही. ए.एन.एम. दोन वर्षांचा, तो फक्त मुलींसाठी. आपल्या उपकेंद्रात लस टोचायला येणाऱ्या आरोग्यसेविका बहुतेक त्याच शिक्षणाच्या. आणि जी.एन.एम. करून नोंदणी झाली की दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करता येतं. म्हणजे पदवी मिळते, पण तीन अधिक दोन, पाच वर्षांनी.

"मग काय बिघडलं, शेवटी पदवीच ना?" असं एका पालकांनी मला विचारलं होतं. एकच उदाहरण देते. एम्समधल्या नर्सिंग ऑफिसरच्या परीक्षेला बी.एस्सी. नर्सिंग झालेली मुलगी नोंदणी हाती आली की थेट बसू शकते. जी.एन.एम. झालेलीला आधी किमान 50 खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षं काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो. एखाद्या घरात ही दोन वर्षं सहज निघतात. जिथे पाठीमागे दोन भावंडं आहेत आणि आईची पाठ दुखायला लागली आहे, तिथे निघत नाहीत.

माझ्या विद्यार्थिनीला पुढच्या वर्षी जी.एन.एम.ला प्रवेश मिळाला. चांगलं करते आहे. पुन्हा अकरावी सायन्सपासून सुरुवात करायची का, असाही विचार झाला होता. आई म्हणाली, "बाई, एक वर्ष गेलं, अजून दोन कुठून आणू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बी.एस्सी.चा प्रवेश आता राज्याच्या सीईटी कक्षाच्या परीक्षेतून होतो. 100 गुणांची परीक्षा, भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल तपासणारे प्रश्न, प्रत्येकी 20 गुणांना. शिक्षक मित्रांनो, यातल्या इंग्रजीच्या 20 गुणांकडे जरा बघा. रसायनशास्त्र कुणी ना कुणी शिकवेल, पण इंग्रजी वाचायची भीती घालवायचं काम तिसरी-चौथीतच होतं नाहीतर होतच नाही. ए.एन.एम., जी.एन.एम.च्या प्रवेशाची पद्धत मधल्या काळात बदलत आली आहे, तेव्हा शेजारणीच्या मुलीने मागे काय केलं यावर न जाता त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचावी. आणि हो, पुण्यात सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचं नर्सिंग कॉलेज आहे. तिथे फक्त मुलींना प्रवेश, त्यासाठी नीट द्यावी लागते, आणि शिकून झाल्यावर मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये अधिकारी म्हणून नेमणूक. आपल्या भागातल्या किती मुलींच्या कानावर हे गेलं असेल?

फीचं एक महत्त्वाचं. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या मागास, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला किंवा खासगी अभिमत विद्यापीठात घेतला तर माफी नाही. "फेरीची वाट कशाला बघता, आत्ताच सीट पक्की करा" असं सांगणारे भेटतात, त्यांच्यापासून सावध राहा. वसतिगृह, मेस, गणवेश यांचा खर्च मात्र घरातूनच करावा लागतो.

आता आपल्या, म्हणजे प्राथमिक शिक्षकांच्या चुकीकडे येते. जी.एन.एम.च्या वेळी कागद गोळा करताना कळलं की मुलीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचं नाव "बाळू" आहे आणि आधारवर "बाळासाहेब". जातीच्या दाखल्याला एक नाव, उत्पन्नाच्या दाखल्याला दुसरं. पहिलीत नाव घालताना आजोबांनी "बाळू" सांगितलं असणार, आणि आमच्यापैकीच कुणीतरी जनरल रजिस्टरला तसंच उतरवलं. मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्ती सोपी असते. शाळा सोडल्यावर अर्ज, पुरावे, परवानग्या, आणि प्रवेशाची तारीख तर थांबत नाही. जात वैधतेला आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले लागतात, ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचे पुरावे मागतात. ते सगळे आपल्यासारख्याच कुणा गुरुजींच्या हस्ताक्षरात, आणि तिथे एक काना चुकलेला असला तरी पोरीला जुन्नर आणि पुण्याच्या खेपा. ज्ञानेश्वर आणि भावंडं शुद्धिपत्रासाठी पैठणला पायी गेली, आणि परतताना त्यांच्यासोबतच्या रेड्याची समाधी आमच्या आळ्यात झाली, ही कथा इथलं पोरगंही सांगेल. कागदासाठी पायपीट आमच्या गावाच्या ओळखीचीच आहे, असं मी गमतीने म्हणत असे. आता म्हणत नाही.

घरच्यांचं एक वेगळंच. "रात्रपाळी असते, लग्नाला अडचण येईल" असं मुलीच्या काकांचं म्हणणं होतं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यात रमाबाई रानड्यांनी सेवासदनातून बायकांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळवलं, तेव्हाही लोक नाकं मुरडत होते. काकांना मी ही गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "ते पुण्याचं झालं." बरं, म्हटलं.

आणि एक शंका माझ्या मनात आहे, ती लपवत नाही. आमच्या वेळी डी.एड.ला अशीच झुंबड होती. गल्लोगल्ली कॉलेजं निघाली. मी 2010 च्या भरतीत लागले, माझ्या वर्गातल्या कितीतरी जणी राहिल्या, मग भरती वर्षानुवर्षं थांबली आणि कॉलेजंही बंद पडत गेली. आज पालक एकमेकांचं बघून "नर्सिंग, नर्सिंग" म्हणतात तेव्हा मला ते दिवस आठवतात. आजारी माणसं कमी होणार नाहीत हे खरं. पण जिला रक्त बघून चक्कर येते तिला केवळ नोकरीसाठी तिथे पाठवू नका. आणि मुलग्यांनाही जी.एन.एम., बी.एस्सी. दोन्ही खुलं आहे, त्यांच्याशीही बोला.

त्या मुलीची धाकटी बहीण यंदा अकरावीला आहे. सायन्स, बायोलॉजीसकट. दाखल्यावरचं "बाळू" तिचं ती शाळेत असतानाच दुरुस्त करून घेतलं. पण पहिल्या चाचणीत भौतिकशास्त्रात 25 पैकी 9 पडले. परवा त्यांच्या घरी गेले तर आई म्हणाली, "बाई, हिला झेपंना. आर्ट्सला घालू का परत?"

मी म्हटलं, "आधी वही बघू द्या."

वही उघडली. सदिश, अदिश, काहीतरी बाण काढलेले. मला त्यातलं अक्षर कळेना. मग तिथूनच एका ओळखीच्या विज्ञानाच्या सरांना फोन लावला. रविवारी सकाळी नऊला घेऊन या म्हणालेत.