लहरी चाचणी : कधी पास, कधी नापास



तोंडी परीक्षा घेताना आपण दोन गोष्टी न सांगता करतो. एका मुलाचं उत्तर रांगेतल्या पुढच्या मुलाला ऐकू जाणार नाही असं बसतो, आणि फळ्यावर आधीच्या तासाचं काही राहिलं असेल तर पुसून टाकतो. कारण आपल्याला मुलाला काय येतं ते बघायचं असतं, फळ्यावर काय राहिलं होतं ते नाही. संगणकाच्या प्रोग्रॅमचीही अशीच परीक्षा घेतात. आणि तिथेही फळा पुसायचा राहून जातो.

आमच्या केंद्रातले आम्ही तीन-चार शिक्षक एक छोटा प्रोग्रॅम वापरतो. गुण भरले की तो श्रेणी काढतो, नावं वर्णक्रमाने लावतो आणि पहिलीत येणाऱ्या मुलाला 31 डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण होतात का ते सांगतो. तो लिनक्सच्या शेलमध्ये लिहिलेला आहे. शेल म्हणजे माउसने क्लिक न करता, एकाखाली एक आज्ञा लिहून संगणकाकडून काम करून घेण्याची सोय. प्रोग्रॅममध्ये काही बदललं की बाकीचं बिघडलं नाही ना, हे बघायला त्याच्यासोबत चाचण्याही आहेत. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असं उदाहरण द्यायचं. तेच उत्तर आलं तर पास, नाहीतर नापास. इतकं साधं.

पण त्यातल्या काही चाचण्या प्रोग्रॅमला कुणी हातही न लावता आज पास, उद्या नापास व्हायच्या. इंग्रजीत त्यांना फ्लेकी टेस्ट म्हणतात, मी लहरी चाचणी म्हणते. हे फक्त आपल्यासारख्या हौशी लोकांकडेच होतं असं नाही. गुगलने 2016 मध्ये स्वतःच लिहिलं होतं की त्यांच्या जवळपास 16 टक्के चाचण्यांमध्ये थोडाफार लहरीपणा आहे.

अशा वेळी सगळ्यात सोपा उपाय म्हणजे चाचणी पुन्हा चालवायची. पास झाली की पुढे जायचं. पण मुलगा काल वाचत होता आणि आज अडखळला, तर आपण 'लहरी आहे' म्हणून सोडून देतो का? रात्री झोपला होता का, चष्मा आणलाय का, पुस्तक तेच आहे का, हे विचारतोच ना! तसंच इथेही विचारलं, तेव्हा चार कारणं सापडली.

पहिलं कारण तारखेचं. आमच्या तळा तालुक्यात जून लागला की वीज कधी जाईल याचा नेम नाही. एका जुन्या संगणकातला बटणासारखा सेल संपलेला होता. वीज गेली की त्याची तारीख काही वर्षं मागे जायची. प्रोग्रॅम प्रवेशाचं वर्ष संगणकाच्या घड्याळावरून घ्यायचा, म्हणून सगळीच मुलं 'वय कमी' व्हायची. थोड्या वेळाने नेट आलं की तारीख आपोआप सुधारायची आणि चाचणी पास! सेल बदलला, पण खरा उपाय तो नव्हे. आता शैक्षणिक वर्ष आपणच लिहून द्यायचं, घड्याळाला विचारायचंच नाही.

दुसरं कारण घाईचं. एक काम मागे चालू ठेवून चाचणी 'एक सेकंद थांब' म्हणायची आणि लगेच तयार फाईल शोधायची. नवीन लॅपटॉपवर एक सेकंद पुरायचा, जुन्यावर नाही. म्हणून कुणी एकाचे पाच सेकंद करतं. त्याने चाचण्या रेंगाळतात आणि दोष तसाच राहतो. शेलमध्ये वेट नावाची आज्ञा आहे. ती मागे चालू असलेलं काम संपेपर्यंत थांबते, मग त्याला अर्धा सेकंद लागो की दहा. 'पाच मिनिटांत वह्या गोळा' आणि 'सगळ्यांचं लिहून झालं की वह्या गोळा', यातला फरक वर्गात रोज दिसतोच.

तिसरं, न पुसलेला फळा. सगळ्या चाचण्या एकाच नावाच्या तात्पुरत्या फाईलमध्ये लिहायच्या. आधीच्या चाचणीचं उरलेलं पुढचीला मिळायचं. क्रम बदलला की निकाल बदलला. आता प्रत्येक चाचणी एमकेटेम्प या आज्ञेने स्वतःचा वेगळा फोल्डर बनवते आणि ट्रॅप या आज्ञेने जाताना तो पुसून जाते, मध्येच नापास झाली तरीसुद्धा.

चौथं कारण मला सगळ्यात आवडलं, कारण ते आपल्या वर्णमालेचं आहे. यादीत आधी महाडिक की मळेकर? आपण मुलांना शिकवतो त्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर, म्हणून महाडिक आधी. पण संगणकाच्या अक्षरांच्या क्रमांकात ळ बसलाय ल च्या लगेच नंतर, व च्याही आधी, म्हणून तिथे मळेकर आधी. सॉर्ट ही आज्ञा यातला कुठला क्रम धरेल, हे त्या संगणकावर कुठली भाषा निवडली आहे त्यावर ठरू शकतं. म्हणून माझ्याकडे पास होणारी चाचणी दुसऱ्या गुरुजींकडे नापास. आता क्रम कोणता हे प्रोग्रॅममध्येच स्पष्ट लिहिलंय. ही चाचणी लहरी नव्हतीच म्हणा. दोन शाळांत दोन वेगळ्या याद्या छापल्या जातील, हे ती खरं तेच सांगत होती.

मोठे लोक हेच करतात. जगभरचे प्रोग्रॅमर वापरतात त्या गिटच्या चाचण्याही शेलमध्येच लिहिलेल्या आहेत. त्या सुरू होतानाच भाषा आणि वेळेचा पट्टा पक्का करून घेतात. नोंदींच्या तारखा लागतात तिथे बहुतेक ठिकाणी घड्याळ सुरू होतं 7 एप्रिल 2005 पासून आणि हाकेसरशी एकेक मिनिट पुढे सरकतं. गिटची पहिली नोंद झाली तोच हा दिवस. शिवाय 2019 मध्ये त्यात स्ट्रेस नावाची सोय आली. संशय असलेली चाचणी एकाच वेळी अनेक प्रतींत, ती नापास होईपर्यंत पुन्हा पुन्हा चालवायची. म्हणजे आपण पास होईपर्यंत चालवतो, ते नापास होईपर्यंत.

एवढा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. सांगते. हे चार दोष गेल्यावरही एक नवी चाचणी नापासच राहिली. आधी असती तर 'वीज गेली असेल' म्हणून कुणी बघितलंही नसतं. आता मात्र ती एकटीच लाल दिसत होती. 200 पैकी 81 गुण म्हणजे 40.5 टक्के. अर्धा किंवा जास्त असेल तर वरचा आकडा धरायचा, म्हणजे 41, श्रेणी क-2. पण शेलचा भागाकार अपूर्णांक सरळ टाकून देतो, म्हणून उत्तर 40, श्रेणी ड. प्रगतिपुस्तकावर ते अक्षर गेलं असतं, आणि घरी त्या मुलाला त्याचा जाब द्यावा लागला असता.

तेव्हा पालकहो, मुलाचा एखादा निकाल अचानक वेगळा आला तर मुलावर शिक्का मारण्याआधी आम्हाला जरूर विचारा : परीक्षा कशी घेतली, कधी घेतली, फळा पुसला होता का? आणि शिक्षक मित्रांनो, तुमच्याकडे असे छोटे प्रोग्रॅम असतील तर आज एक करून बघा. चाचण्या उलट्या क्रमाने चालवा, मग संगणकाची तारीख एक वर्ष पुढे करून चालवा. जी डळमळेल तिची नोंद वहीत करा, आणि कारण सापडेपर्यंत ती नोंद खोडू नका.