समावेशन अधिकाऱ्याची निवड : एका शोधसमितीचा अनुभव

अमेरिकेतील विद्यापीठांत वंश, लिंग, अपंगत्व, धर्म, आर्थिक स्थिती अशा कारणांनी मागे राहणाऱ्या विद्यार्थ्यांना, अध्यापकांना आणि कर्मचाऱ्यांना संस्थेत बरोबरीचे स्थान मिळावे, यासाठी नेमलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्यास ‘चीफ डायव्हर्सिटी ऑफिसर’ म्हणतात. 25 मे 2020 रोजी मिनियापोलिसमध्ये पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाल्यानंतर उसळलेल्या आंदोलनांच्या काळात अनेक विद्यापीठांनी असे पद नव्याने निर्माण केले किंवा असलेल्या पदाचा दर्जा वाढवला. अशाच एका सार्वजनिक विद्यापीठाने 2022-23 या शैक्षणिक वर्षात या पदासाठी जी शोधसमिती, म्हणजे अर्ज तपासून अंतिम नावांची शिफारस करणारी समिती, नेमली, तिच्यावर अध्यापकांची प्रतिनिधी म्हणून प्रस्तुत लेखिकेने काम केले. पुढील विवेचन त्या अनुभवावर आधारलेले आहे.

या पदाचे स्वरूप समजण्यासाठी त्यामागचा न्यायालयीन इतिहास ध्यानात घ्यावा लागतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयाने 100 पैकी 16 जागा अल्पसंख्याक गटांसाठी राखून ठेवल्या होत्या. त्याला आव्हान देणाऱ्या 1978 च्या ‘बाकी’ (Bakke) खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत रद्द ठरवली, मात्र विविधतेमुळे सर्वच विद्यार्थ्यांच्या शिक्षणाला लाभ होतो या कारणास्तव वंश हा अनेक घटकांपैकी एक म्हणून विचारात घेण्यास मुभा राहिली. परिणामी ऐतिहासिक अन्यायाची भरपाई हा आधार मागे पडला आणि विद्यापीठांचा सारा कारभार विविधतेच्या लाभावर उभा राहिला. शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी कोल्हापूर संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवल्या, तेव्हा त्यामागे प्रतिनिधित्वाची आणि न्यायाची सरळ मागणी होती. त्या परंपरेत वाढलेल्या व्यक्तीला अमेरिकी चौकट प्रारंभी अपुरी वाटते, आणि प्रस्तुत लेखिकेच्या मते ती खरोखरच अपुरी आहे, कारण लाभ दिसेनासा झाला की हक्कही डळमळू लागतो.

समितीचे काम ठरलेल्या रीतीने सुरू झाले. उमेदवार शोधून देणाऱ्या व्यावसायिक संस्थेने अर्ज मागवले आणि प्रत्येक सदस्याला गुणांकनाचा तक्ता देण्यात आला, ज्यात नेतृत्व, संवादकौशल्य, निधी उभारण्याचा अनुभव, संशोधन असे रकाने होते. हे सर्व रकाने उमेदवाराची परीक्षा घेणारे होते. ज्या पदावर त्याला बसवायचे त्या पदाची परीक्षा घेणारा रकाना तक्त्यात नव्हता. आधीच्या अधिकाऱ्याला स्वतंत्र अंदाजपत्रक नव्हते, अध्यापकांच्या नेमणुकीत मत नव्हते, आणि तक्रार आल्यावर संबंधित विभागाकडून कागदपत्रे मागवण्याचाही अधिकार नव्हता. म्हणून समारंभांत भाषणे करणे आणि कार्यशाळा भरवणे एवढेच त्या पदाच्या वाट्याला आले होते. ही बाब बैठकीत मांडली गेली तेव्हा पदाची रचना समितीच्या कार्यकक्षेत येत नाही असे उत्तर मिळाले, आणि त्यावर बराच काळ वाद झाला.

अंतिम फेरीतील उमेदवारांना विद्यापीठात बोलावून खुली सभा घेण्याची तेथे प्रथा आहे. या सभा सकाळी अकराच्या सुमारास ठेवल्या होत्या; अध्यापकांना ती वेळ सोयीची होती, परंतु वर्गखोल्या आणि प्रयोगशाळा रात्रभर स्वच्छ करणारे कर्मचारी, ज्यांत स्थलांतरितांची संख्या मोठी होती, त्या वेळी घरी झोपलेले असत. एका उमेदवार बाईंनी वेळापत्रक हाती येताच ही गोष्ट विचारली आणि पाळी बदलण्याच्या वेळी, रात्री दहा वाजता, तळघरातील साहित्याच्या खोलीत भेट ठरवून घेतली. तेथे पगाराच्या चिठ्ठीवरील मजकूर केवळ इंग्रजीत असणे, प्रार्थनेसाठी सुट्टी मागताना पर्यवेक्षकाचे तोंड बघावे लागणे, आजारी मुलासाठी घेतलेली रजा बिनपगारी धरली जाणे, अशा गोष्टी पुढे आल्या. समितीसमोर तोवर आलेल्या कागदांत यांतील एकही गोष्ट नव्हती.

जातीचा प्रश्न दक्षिण आशियाई विद्यार्थ्यांनी उपस्थित केला. ब्रँडाइस विद्यापीठाने डिसेंबर 2019 मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने जानेवारी 2022 मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख केला होता. येथे तसे होईल का, असे त्यांनी विचारले. एका उमेदवाराने हा भारताचा अंतर्गत विषय असल्याचे सांगून तो बाजूला सारला. उपरोक्त बाईंनी मात्र, आपल्याला जातीविषयी फारसे ज्ञान नाही असे स्पष्ट सांगून, आडनाव विचारून खोलीतील सहनिवासी बदलून मागितला गेल्यास विद्यार्थी आज कोणाकडे जातो, असा प्रतिप्रश्न केला. सभेतील कोणालाच त्याचे उत्तर देता आले नाही. ज्या देशात बाबासाहेब आंबेडकरांनी 1913 ते 1916 या काळात कोलंबिया विद्यापीठात शिक्षण घेतले, त्या देशात शतकानंतरही जात सांगण्याची भीती विद्यार्थ्यांना वाटावी, ही गोष्ट मराठी वाचकाने गांभीर्याने घ्यावी अशी आहे.

अंतिम चर्चेत निधी उभारणीच्या रकान्यात या बाईंचे गुण सर्वांत कमी होते आणि काही सदस्यांना तेवढे कारण पुरेसे वाटत होते. त्यांच्या बाजूने निर्णय झुकला तो त्यांनी घातलेल्या अटींमुळे, ज्यांना आधी हट्ट समजले गेले होते : पद थेट अध्यक्षांच्या अखत्यारीत असावे, स्वतंत्र अंदाजपत्रक असावे, आणि अध्यापक निवडीच्या प्रत्येक अंतिम यादीआधी अर्जदारांचा पूर्ण तपशील या कार्यालयाने पाहावा. यांपैकी पहिल्या दोन अटी नेमणूकपत्रात लेखी आल्या. तिसरी, अधिष्ठात्यांच्या विरोधामुळे, सल्लागार स्वरूपात उरली.

29 जून 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांच्या खटल्यांत प्रवेशासाठी वंशाचा विचार करण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली, आणि 1 जुलै रोजी नव्या अधिकाऱ्यांनी सूत्रे हाती घेतली. वंशामुळे स्वतःच्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने निबंधात लिहिल्यास ते वाचण्यास निकालाने मनाई केलेली नव्हती. म्हणून त्यांचे पहिले काम ठरले ते प्रवेश विभागातील वाचकांसोबत बसून, असा निबंध कायद्याच्या मर्यादेत कसा वाचावा, याची पद्धत नव्याने लिहून काढण्याचे.