संकठा घाटावरची घरे

वाचकहो, काशीला जाण्याचा योग आला, तर एका सकाळी दशाश्वमेध घाटावरून नावेत बसावे आणि नावाड्याला उत्तरेकडे नेण्यास सांगावे. मानमंदिर, मीरघाट, ललिताघाट मागे पडतात. मणिकर्णिकेच्या चितांचा धूर ओलांडला की एका बाजूस कललेले, निम्मे पाण्यात उभे असलेले एक देऊळ दिसते. ते रत्नेश्वर महादेवाचे. त्याला लागूनच शिंदे घाट आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास येथे भव्य बांधकाम करविले, परंतु त्या पाषाणराशीचा भार काठाच्या मातीस पेलवला नाही आणि घाट खचला. पुढे तो पुन्हा बांधावा लागला. त्याच्या पलीकडे ज्या साध्या पायऱ्या लागतात, तो संकठा घाट.

या घाटाचे जुने नाव यमघाट. यमेश्वर आणि यमादित्य यांची स्थाने येथे असल्यामुळे यमद्वितीयेस, म्हणजे आपल्या भाऊबिजेच्या दिवशी, येथील स्नानाचे विशेष माहात्म्य मानतात. पायऱ्या चढून गल्लीत शिरले की संकठादेवीचे मंदिर लागते. संकटात सापडलेला माणूस या देवीच्या दारी येतो. जवळच आत्मवीरेश्वराचे देवालय आहे. पुत्रप्राप्तीसाठी कलकत्त्याच्या भुवनेश्वरीदेवींनी काशीच्या याच वीरेश्वरास नवस केला आणि म्हणून विवेकानंदांचे पाळण्यातले नाव वीरेश्वर ठेवण्यात आले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

परंतु आज आपल्याला देवळांपेक्षा घरांकडे पाहावयाचे आहे. यात्रेकरू देव पाहून परत जातो. ज्या घरांच्या भिंतींना खांदा घासत तो देवळापर्यंत पोहोचतो, त्या घरांत कोण राहते, हे विचारण्याचे त्याला सुचत नाही.

नावेतून पाहिले तर येथील घरे किल्ल्याच्या तटासारखी भासतात. खाली उंच दगडी जोते, त्यावर आंधळी भिंत, आणि खूप वर लहान लहान खिडक्या. ही रचना शोभेसाठी नव्हे, गंगेच्या धाकाने झालेली आहे. राजघाटावरील मापकावर धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. अशा वर्षी घाट नाहीसे होतात आणि गल्ल्यांतून नावा फिरतात. म्हणून खालचा मजला कोठारासाठी किंवा गुरांसाठी ठेवावयाचा आणि संसार वर थाटावयाचा, अशी येथली जुनी रीत.

आत गेल्यावर मराठी माणसाला ओळखीची खूण पटते. मध्यभागी चौक, चौकाच्या चारी बाजूंस ओसरी, वर माडी आणि त्याहून वर गच्ची. आपल्या वाड्याचीच ही बहीण. येथे तिला ‘बाडा’ म्हणतात. फरक इतकाच की जागा आखूड असल्यामुळे आपला वाडा जेथे ऐसपैस पसरतो, तेथे काशीचे घर उंच वाढते. चुनारचा दगड, पातळ लखौरी विटा आणि चुना-सुरखी यांनी ते बांधलेले असते. चौकावर लोखंडी जाळी असते, ती वानरांसाठी. शेजारच्या दोन घरांत बहुधा एकच भिंत असते. त्यामुळे एक घर खचले की दुसऱ्यालाही तडा जातो. शेजारधर्म येथे केवळ सद्‌गुण नाही. तो घराच्या पायाचाच एक भाग आहे.

ही ओळखीची खूण येथे आली कोठून? पैठणचे रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकात काशीस येऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांनी विश्वेश्वराच्या देवळाच्या पुनर्बांधणीस चालना दिली, आणि त्याच कुळातील गागाभट्टांनी १६७४ मध्ये शिवछत्रपतींना राज्याभिषेक केला. एकनाथ महाराजांचे भागवत याच नगरीत पुरे झाले. अठराव्या शतकात विद्येपाठोपाठ सत्ता आली. १७८० मध्ये अहिल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचे आजचे मंदिर पुरे करविले. संकठा घाटाच्या उत्तरेस नागपूरकर भोसल्यांनी घाट आणि लक्ष्मीनारायणाचे मंदिर बांधले. त्याच्या पुढे अमृतराव पेशव्यांनी गणेशमंदिर उभारले. दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजी अप्पा येथेच येऊन राहिले. त्यांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांची कन्या मणिकर्णिका हीच पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई झाली. शिंदे घाटापासून ब्रह्माघाटापर्यंतच्या गल्ल्यांत अशा रीतीने पुरोहित, वैदिक, कारकून, आश्रित आणि काशीवासासाठी आलेल्या विधवा यांची मराठी वस्ती दाट झाली.

ही वस्ती किती दाट होती, असे आपण विचाराल. येथे मौजेची एक हकिकत सांगतो. १८०० च्या सुमारास काशीची लोकसंख्या पाच लाख ब्याऐंशी हजार असल्याचे नोंदविले गेले. त्याच काळच्या नोंदीत एकापासून सहा मजल्यांपर्यंतची दगडविटांची घरे बारा हजारांवर आणि मातीची सोळा हजारांवर दिली आहेत. आपण सहज भागाकार करून पाहावा: दर घरी वीसएकवीस माणसे पडतात! पुढे टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांनी १८२८-२९ मध्ये खरीखुरी शिरगणती केली, तेव्हा संख्या भरली सुमारे एक लाख ऐंशी हजार. उंच घरे पाहून माणसांचा अंदाज बांधला की असे होते. मजले मोजून कुटुंब कळत नाही. चुली मोजाव्या लागतात.

त्यानंतरची वाढ आपण क्रमाने पाहू. १९०१ मध्ये शहरात सुमारे दोन लाख माणसे होती, १९५१ मध्ये सुमारे साडेतीन लाख, आणि २०११ मध्ये महापालिकेच्या हद्दीत सुमारे बारा लाख. त्याच २०११ मध्ये संपूर्ण जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला २,३९५ माणसे राहत होती. हे आकडे पाहून वाटेल की घाटावरची घरे माणसांनी ओसंडत असतील. परंतु शहर वाढले ते बाहेरच्या बाजूस. ज्या गल्लीत मोटार शिरत नाही, तेथून तरुण कुटुंबे रुंद रस्त्यांच्या वसाहतींकडे आणि नोकरीसाठी दूरदेशी निघून गेली.

मराठी घरांच्या बाबतीत आणखी एक कारण घडले. त्यांचा चरितार्थ संस्थानिकांच्या दानधर्मावर, अन्नछत्रांवर आणि वर्षासनांवर बराचसा अवलंबून होता. संस्थाने विलीन झाली, १९७१ मध्ये तनखेही बंद झाले आणि तो झरा आटला. मुले शिकली, लेखणीच्या बळावर पुढे आली. ‘आज’ या हिंदी दैनिकाचे थोर संपादक बाबूराव विष्णु पराडकर हे काशीत जन्मलेले मराठी गृहस्थच होते. पण शिकलेली सारी मुले गल्लीत परतली नाहीत.

मागे राहिले ते घर आणि घराचे वारस. एका बाड्याचे पाच-सात हिस्सेदार, त्यांत दोघे परगावी, आणि खालच्या खोल्यांत तीन पिढ्यांचे भाडेकरू. भाडे इतके जुने की त्यातून एक तुळईसुद्धा बदलता येत नाही. त्यातच गंगेच्या काठापासून दोनशे मीटरच्या आत नव्या बांधकामास बंदी आहे. नदीच्या आणि जुन्या नगरीच्या रक्षणासाठी ती आवश्यक आहे, यात शंका नाही. मात्र गळके छत दुरुस्त करावयाचे तरी परवानगीची वाट पाहावी लागते, आणि पावसाळा थांबत नाही. मग कोणी घर विकून मोकळा होतो, तर कोणी त्याचे अतिथिगृह करतो. २०२१ च्या डिसेंबरात विश्वनाथ धामाचे लोकार्पण झाले. त्या विस्तारासाठी तीनशेहून अधिक मिळकती घेण्यात आल्या आणि मंदिरापासून गंगेपर्यंत प्रशस्त वाट झाली. यात्रेकरूंची सोय झाली, हे खरे. त्या घरांतील कुटुंबांना दुसरीकडे चूल मांडावी लागली, हेही तितकेच खरे.

म्हणून आज प्रिन्सेपपूर्वीची चूक आपल्या हातूनही घडू शकते. नावेतून चार मजली घर दिसते आणि वाटते, केवढे भरलेले गोकुळ! आत मात्र कदाचित एकच वृद्ध दांपत्य असते; वरचे दोन मजले कुलूपबंद, आणि संध्याकाळी दिवा लागतो तो एकाच खिडकीत.

तरीही वस्ती मोडलेली नाही. ब्रह्माघाटावरील आंग्रे यांच्या बाड्यात गणेशोत्सव भरतो, रामघाटावरच्या सांगवेद विद्यालयात वेदपाठ चालतो, आणि गल्लीच्या वळणावर एखादी आजीबाई अस्सल मराठीत भाजीवाल्याशी घासाघीस करता करता मध्येच बनारसी बोलीत शिरते. जुने घर राखावयाचे तर केवळ दगड राखून चालत नाही. त्यात चूल पेटती राहील इतकी सोय हवी, म्हणजे वेळेवर दुरुस्ती, न्याय्य भाडे आणि हिस्सेदारांची एकवाक्यता. हे काही एकट्या काशीचे दुःख नव्हे. पुण्याच्या पेठा, वाई आणि नाशिकचे गंगेकाठचे वाडे यांची कहाणी याहून निराळी नाही.

तेव्हा वाचकहो, संकठा घाटाच्या पायऱ्या चढाल तेव्हा देवीसमोर हात जोडाच. परतताना मात्र क्षणभर गल्लीत थांबा आणि मान वर करून पाहा. किती मजले आहेत ते मोजू नका. किती खिडक्यांत दिवा आहे, तेवढे मोजा.